रकान्यात नसलेली घोडी

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू भरून पाठवलेला फॉर्म मिळाला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तो ऑफिसच्या भिंतीला चिकटवलाय, फॉर्म कसा भरावा याचा नमुना म्हणून. एरवी लोक लिहितात की एक बिचारं गाढव आहे, लवकर या. पत्ता लिहायचासुद्धा विसरतात. तू मात्र उंची, रंग, दात, पाठीवरच्या जखमा, चारही खुरांची लांबी बोटांनी मोजून लिहिलीस. शेवटी ‘एकूण गाढवे : एक (अक्षरी एक)’ हे वाचून सगळे पोट धरून हसले. मी म्हटलं, पस्तीस वर्षं गोदामात माल मोजलाय माझ्या भावानं, त्याच्या हातून एक नग इकडचा तिकडे होणार नाही.

भट्टीवाल्याची सही घेतलीस हे फार चांगलं केलंस. वीटभट्टी बंद करून माणूस निघून जातो आणि जनावर मागे राहतं, हे आम्हाला नवीन नाही. गुरुवारी आमची गाडी येईल. ड्रायव्हर तिखट बोलतो पण हात हलका आहे त्याचा.

मी नर्सची नोकरी संपवून या गाढवांच्या आसऱ्यात राहायला आले तेव्हा माणसांचा कंटाळा आला का म्हणून तू चिडवलं होतंस. आता तूच गाढव शोधून देतोस. गाडीबरोबर तुझ्यासाठी नवे बूट पाठवतेय. त्या फाटक्या टाचांच्या चपला आता टाकून दे. लांबून ऐकू येतोस तू, दारावरची घंटा वाजवायची गरज नाही.

माझ्या शेजारच्या दोन खोल्या अजून रिकाम्याच आहेत. वर्षभर सांगतेय. विषय काढला की तू हवापाण्याचं लिहितोस. असो.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी आली आणि गेली. माल एकदाचा रवाना झाला. पण दोन तास लागले गं. गाडीत चढायच्या फळीवर पाय ठेवायलाच तयार नाही. तुझा ड्रायव्हर आधी प्रेमानं बोलला, मग खऱ्या नावानं बोलला. मी या गाढवाला साहेब म्हणतो. आमचे जुने गोदाम-साहेब असेच दारात उभे राहायचे, बोलायचे काही नाहीत, नुसते बघायचे. खुरं इतकी वाढून वर वळलेली की टाचांवर चालायचा बिचारा. विटांच्या फरशीवर फटाक फटाक असा आवाज यायचा, थेट माझ्या चपलांसारखा. गाडीत चढताना सारखा मान वळवून मागच्या शेडकडे बघत होता. मला वाटलं, कितीही हाल झाले तरी राहत्या जागेतून कुणाचा पाय निघत नाही.

बूट मिळाले. छान आहेत. चावतात.

साहेब गेले, पण मला शांतता काही मिळालेली नाही. माझ्या भिंतीपलीकडच्या त्या भट्टीच्या आवारात एक म्हातारी घोडी आहे. इतके दिवस तिचं तोंडसुद्धा ऐकलं नव्हतं, साहेबांच्या मागे मुकाट उभी असायची. आता दुपारी मी पडलो रे पडलो की खिंकाळायला सुरुवात करते. परवा दोन तास चाललं होतं. फोनवर मला धड ऐकू येत नाही म्हणून आपण पत्रं लिहितो, आणि हे नेमकं भिंतीतून ऐकू येतं. बाकी हवा बरी आहे. रात्री थोडा गारवा असतो.

खोल्यांचं बघू. इथे सगळं हाताशी आहे. जेवणखाण व्यवस्थित चालू आहे, काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घाईत लिहितेय, कारण साहेबांचं लक्षण काही ठीक नाही.

खुरांचं काम चांगलं झालं. नालबंदानं पहिल्याच दिवशी चपलेच्या टोकासारखं वळलेलं सगळं कापून टाकलं. उरलेलं हळूहळू कापायचं, एकदम कापलं तर पायांच्या शिरा ताणतात. मी चार दिवस खाली बसून एकेक पाय मांडीवर धरत होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी असं नालबंद म्हणाला. मी म्हटलं, हरी नाही, निवृत्त सिस्टर आहे. आता साहेब सरळ चालतात आणि मऊ मातीवर तर पाऊल वाजतसुद्धा नाही.

पण खात नाहीत. पहिले दोन दिवस वाटलं, नवी जागा आहे. मग दात बघितले, एक दाढ टोचत होती ती घासली. गवत बदललं. गाजराचे तुकडे केले. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, म्हणून तोही देऊन बघितला. हुंगतो आणि मान फिरवतो. सोबतीला आमची सगळ्यात गरीब गाढवीण दिली, तर तिच्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करून उभा. दिवसभर दाराकडेच बघतो.

गाढवाचं हेच वाईट. घोड्याच्या पोटात दुखलं तर तो लोळतो, पाय आपटतो. गाढव दाखवतच नाही. गप्प उभं राहतं, लोकांना वाटतं किती शहाणं आहे. वॉर्डात मला अशाच पेशंटची जास्त भीती वाटायची. आणि उपाशी गाढव नुसतं वाळत नाही, अंगातली चरबी रक्तात उतरते आणि मग औषध चालत नाही. डॉक्टरीणबाई नळीनं पातळ खुराक घालतायत, पण असं फार दिवस जमणार नाही असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

तुझं मागचं पत्र मी गोठ्यात उभ्यानं वाचलं, साहेब गाडीत कसे चढले तेवढं. पुढचं तुझं नेहमीचं कुरकुरणं निवांत वाचेन. मला फक्त एवढं कळव की तिथे हा काय खात होता. कशाचंही साल, पाला, कागद, काही असो. मी तेच आणते. माझ्या हातून हा जाऊ नये एवढंच वाटतंय. तू इतक्या नेटकेपणानं सोपवलास रे माझ्याकडे.

उलट टपाली लिही.

तुझी,
ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं तसा लिहायला बसलो. इथे साहेब काय खात नव्हते ते विचार. कुंपणाचा पाला, माझ्या भाजीची देठं, एकदा भिंतीवरून माझं वर्तमानपत्र खाल्लं, तेही शब्दकोडं सोडवायच्या आत. भूक नाही म्हणून कधी मान फिरवलेली मी पाहिली नाही. खाणं अर्धवट टाकलं ते फक्त एकदा. चांगला पाला टाकला होता मी, तर अर्धा खाल्ला आणि मागे सरून उभे राहिले, आणि उरलेला त्या घोडीनं खाल्ला. मला वाटलं, पोट भरलं असेल. फॉर्ममध्ये मी ‘भूक : उत्तम’ लिहिलं होतं, ते अगदी खरं आहे.

याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि त्याचंच वाईट वाटतं. मला मोजता येतं, ताई. मोजण्यापलीकडचं मला कधी फारसं कळलं नाही. बायको असती तर तिनं बघताक्षणी सांगितलं असतं.

तुझे बूट घालून मी रोज दूध आणायला जायचं ठरवलं होतं. टाचा सोलून निघाल्या, म्हणून परवापासून पुन्हा जुन्या चपला बाहेर काढल्या. आणि एक गंमत झाली. मी चपला घालून भिंतीकडेनं निघालो की ती घोडी खिंकाळायची थांबते आणि भिंतीपलीकडून माझ्या मागे मागे चालत येते. मी थांबलो की थांबते. बूट घालून गेलो तर जागची हलत नाही. मला वाटलं मस्करी करते आहे. शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या की तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, कितीतरी वर्षं झाली, भट्टी चालू होती तेव्हापासून. आज तर भिंतीच्या टोकाला मान टाकून उभी होती आणि मी घरात गेल्यावर पुन्हा सुरू झाली. अशानं माझी दुपारची झोप कायमची गेली म्हणायची.

साहेबांना माझा नमस्कार सांग. खा म्हणावं.

तुझा,
धाकटा

२१ फेब्रुवारी
(ड्रायव्हरच्या हाती)

चि. धाकट्या,

आशीर्वाद गृहीत धर, वेळ नाही.

अरे, ती घोडी.

तुझं आजचं पत्र दोनदा वाचलं, मग धावत जाऊन ९ तारखेचं काढलं आणि त्याचं मागचं पान आज पहिल्यांदा वाचलं. सगळं लिहिलं होतंस तू. गाडीत चढताना तो शेडकडे बघत होता म्हणून लिहिलंस, घोडी त्याच्या मागे उभी असायची म्हणून लिहिलंस. तिला दिसत नाही. त्याच्या खुरांचा आवाज ऐकत ती त्याच्या मागून चालायची. तो अर्धा चारा तिच्यासाठी सोडायचा. तेच त्याचं काम होतं रे, आणि आम्ही त्याला त्या कामावरून उचलून आणलं. आम्ही इथे नवीन गाढवाला कधी जोडीपासून तोडत नाही, तो आमचा पहिला नियम आहे. पण फॉर्ममध्ये ‘एकूण गाढवे’ एवढंच विचारलं होतं आणि तू विचारलं तेवढंच मोजलंस.

मी तुझ्यावर चिडले होते. गाडी निघेपर्यंत तुला काय काय सुनवायचं ते मनात रचत होते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यानं निदान लिहिलं तरी होतं, सिस्टर. तुझी कुरकुर मी लहानपणापासून अर्धीच ऐकते. वाटतं, हा काय, नेहमीचंच.

आमच्याकडे घोडे घेत नाहीत. व्यवस्थापक बघू म्हणाले. मी सांगितलं, माझ्या खोलीपुढच्या अंगणात बांधेन, पण आणणार. शेवटी ते हसले आणि गाडीची किल्ली दिली.

भट्टीवाल्याची सही मिळव. घोडीला गाडीत चढव. कशी ते मला माहीत नाही, आंधळं जनावर फळीवर पाय ठेवत नाही. साहेबांच्या हाती दोन दिवस आहेत असं धरून चाल, कदाचित तेवढेही नसतील.

ताई

२२ फेब्रुवारी
(ड्रायव्हरच्या हाती)

ती. ताईस,
सा. न.

सही सोबत आहे. माल सोबत आहे. घोडी : एक.

पाऊण तास ओढाताण झाली. ती थरथर कापत होती आणि तुझा ड्रायव्हरसुद्धा बोलायचा थांबला होता. मग माझ्या डोक्यात आलं. मी चपला घातल्या आणि मुद्दाम टाचा आपटत फळीवरून गाडीत गेलो. ती माझ्या मागून आली. सरळ आली गं, एक पाऊलही न चुकता. आत गेल्यावर तिनं माझ्या पाठीला तोंड लावलं आणि मी कोण ते तिला कळलं. मी साहेब नाही हे तिला समजलं तेव्हा तिनं जो श्वास सोडला तो मला अजून ऐकू येतोय.

चपला वर्तमानपत्रात गुंडाळून देतोय. तू लिहिलंस की साहेबांचं पाऊल आता वाजत नाही. म्हणजे ते समोर येऊन उभे राहिले तरी तिला कळणार नाही. तिला उतरवायला चपला लागतील. टाचा जरा आपटून चालायचं, डावी जास्त वाजते.

मला माफ कर. ती रोज माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिला मोजली नाही, कारण तसा रकाना नव्हता.

धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आज बसून लिहितेय. हातात चहा आहे, खिडकी उघडी आहे आणि खिडकीतून दोघं दिसतायत. म्हणजे काय झालं ते तुला कळलंच.

गाडी दुपारी चारला आली. साहेब तेव्हा आडवे झाले होते. गाडीतून खिंकाळणं ऐकू आलं आणि या प्राण्यानं मान उचलली. उठायला तीन वेळा पडला. चौथ्यांदा उठला. आम्ही कुणी हात लावला नाही, डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना मागे केलं होतं. तो गाडीपर्यंत गेला, पण तू म्हणालास तसंच झालं. मातीवर त्याचं पाऊल वाजेना आणि ओरडायला त्याच्यात जीव नव्हता. ती फळीच्या टोकाशी कान फिरवत उभी. दोन हातांवर तो, आणि तिला पत्ता नाही.

मग मी तुझ्या चपला घातल्या. ज्या चपलांना मी गेली सहा वर्षं नावं ठेवली, त्या घालून सगळ्या स्टाफसमोर फळीवरून फटाक फटाक चालले. डावी खरंच जास्त वाजते. ती माझ्या मागून उतरली आणि मी तिला सरळ त्याच्यापाशी नेऊन बाजूला झाले. तिनं त्याची मान हुंगली, मग पाठ, मग ते कापलेलं खूर बराच वेळ हुंगत राहिली. मग त्याच्या पाठीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. डोळ्यांचा उपयोग नाही तरी मिटले. नालबंद रडला. मी पण रडले, लपवण्यात काय अर्थ आहे.

गवत ठेवलं होतं. त्यानं एक घास घेतला. दुसरा घेतला. अर्धं झाल्यावर मागे सरला आणि तिला जागा दिली. आम्ही दुसरी टोपली आणली तेव्हा पुन्हा खायला लागला. डॉक्टरीणबाई काल म्हणाल्या की रक्त सुधारतंय, आता धोका टळला. नालबंदानं साहेबांच्या गळ्यात छोटी घंटा बांधली आहे, तिच्या आवाजावर ती शिकते आहे. तोपर्यंत सकाळी तुझ्या चपला घालून मी पुढे चालते, मागून ती, मागून तो. वरात बघायला ये एकदा.

आणखी एक. आम्ही फॉर्म बदलला. ‘एकूण गाढवे’च्या खाली नवीन रकाना घातलाय : ‘जनावर कोणाबरोबर राहते?’ छापायच्या आधी तू तपासून दे, तुझ्याइतकी बारीक नजर इथे कुणाची नाही. कोरा फॉर्म सोबत आहे. एखादा भरून बघ, अडखळायला होत असेल तर कळव.

तुझ्या मागच्या सगळ्या पत्रांची मागची पानंसुद्धा मी आता वाचून काढली आहेत. दर पत्रात तू लिहितोस की जेवणखाण व्यवस्थित. मला ते वाचून आता बरं वाटत नाही.

तुझी,
ताई

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साहेब खातायत हे वाचलं आणि मी पत्र घेऊन शिक्षिकाबाईंकडे गेलो, मोठ्यांदा वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

भिंतीपलीकडे आता कुणी नाही. झोपेची तक्रार होती ना माझी, तर आता दुपारभर झोपायला मोकळा आहे आणि झोप येत नाही. बूट घालून दूध आणायला जातो. पावलं वाजत नाहीत.

फॉर्म तपासला. ठीक आहे, फक्त वयाच्या रकान्याला जागा थोडी वाढवा. भरून बघायला जनावर नव्हतं, म्हणून स्वतःचाच भरला. प्रकार : निवृत्त मोजणी कारकून. एकूण : एक (अक्षरी एक). वय : अडुसष्ट. दात : वरचे सहा, खालचे मोजण्यात अर्थ नाही. पाय : टाचा सोललेल्या, कारण बहिणीचे बूट. भूक : इथे मी आधी ‘उत्तम’ लिहिलं होतं. मग खोडलं. सकाळचं करतो, संध्याकाळी बहुतेक दूध पिऊन झोपतो. बायको गेल्यापासून असंच आहे. तीन वर्षं तुला खोटं लिहिलं, कारण तू काळजी करशील.

तुमच्या नव्या रकान्यापाशी आलो आणि पेन थांबलं. ‘कोणाबरोबर राहते?’ पस्तीस वर्षं नोकरीत मी एकही रकाना कोरा सोडला नाही आणि एकही नोंद खोटी केली नाही. इथे दोन्हींपैकी एक करावं लागत होतं. चहा करून प्यायलो, परत येऊन बसलो, तरी सुचेना. शेवटी तो कोराच ठेवून फॉर्म सोबत पाठवतोय. खाली सही माझी आहे, मालकाची वेगळी लागणार नाही.

तुमची गाडी या बाजूला पुन्हा कधी येणार ते कळव. सामान दोन पेट्या आणि शब्दकोड्यांचा गठ्ठा. फळीवर चढवायला कुणी पुढे चालायची गरज नाही, मी माझा चढेन. चपला मात्र तेवढ्या फेकू नकोस.

लोभ पत्रातून पुरेसा झाला, आता शेजारच्या खोलीतून करावा, ही विनंती.

तुझा,
धाकटा